विनातारण

बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावात साहेब म्हणावीत अशी माणसं मोजकीच असतात. तहसीलदार, ठाणेदार, गटविकास अधिकारी आणि बँकेचा मॅनेजर. पहिल्या तिघांना लोक भितात, त्यामुळे त्यांचं काम तुलनेनं सोपं असतं. चौथ्याकडून लोक आशा धरून असतात, आणि आशेनं आलेल्या माणसाला दिवसातून चाळीस वेळा ‘नाही’ म्हणण्याइतकी अवघड नोकरी दुसरी नाही. सातबारावर बोजा आहे, नाही. जामीनदार स्वतःच थकबाकीदार आहे, नाही. सही जुळत नाही, नाही. लिंक गेलीय, आज कोणालाच काही नाही. असा हा ‘नाही’चा घाऊक व्यापारी संध्याकाळी सहाच्या सुमारास शर्टाच्या बाह्या दुमडून, गळ्यात शिट्टी अडकवून, पंधरा-वीस पोट्ट्यांच्या घोळक्यात ‘शाबास रे, शाबास!’ असं ओरडताना दिसला की गाव बुचकळ्यात पडतं. ‘साह्यबाले घरी काई काम नाई काय?’ हा टपरीवरचा पहिला अंदाज. ‘इलेक्शनले उभा राह्याचा दिसते’ हा दुसरा. दुसरा अंदाज सरळच चुकीचा आहे, कारण सरकारी बँकेतल्या माणसाला नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही. पहिल्याबद्दल मात्र छातीठोकपणे काही सांगता येत नाही. घरी काम असणं हेही मैदानावर येण्याचं सबळ कारण असू शकतं.

तरी खरं कारण या दोन्हींत नाही. पोरांच्या खेळापायी वेडा झालेला बँकवाला हा अपवाद आहे, निसर्गाची लहर आहे, असं आपण समजतो. माझं म्हणणं उलट आहे. तो बँकेच्या नियमांतूनच तयार होतो. दिवसभर ज्याला तारण पाहिल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवायची मुभा नाही, तो माणूस संध्याकाळी जिथे तारण मागताच येत नाही अशा जागी जाऊन बसणारच. कोणी देवळात जातो, कोणी भजनात. देवाकडेही तारण मागत नाहीत, पण देव बिनकर्जाचा आहे, तिथे बँकवाल्याच्या हाताची खाज भागत नाही. त्याला कोणावर तरी विश्वास टाकायचा असतो, आणि बुडण्याची शक्यता असल्याशिवाय विश्वास टाकल्यासारखं त्याला वाटत नाही. दहा वर्षांचं, नाकाला शेंबूड असलेलं, शाळेच्या चपलेवर धावणारं पोट्टं हे या दृष्टीनं आदर्श कर्जदार आहे. त्याच्याकडे गहाण ठेवण्यासारखं काही म्हणजे काहीच नसतं.

आता कोणी म्हणेल, बँका विनातारण कर्ज देत नाहीत असं कोणी सांगितलं? देतात की. ४ लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज विनातारण मिळतं. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, आणि तिचे प्रकार पाहिले तर ती एखाद्या क्रीडाशिक्षकानं आखली असावी असा संशय येतो: शिशु, किशोर आणि तरुण. ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, त्यापुढे तरुण. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, तसेच हे. पण इथेच मेख आहे. शैक्षणिक कर्जाला कॉलेजचं प्रवेशपत्र लागतं, मुद्रेला धंदा दाखवावा लागतो. उत्तम पकड करणाऱ्या पोराकडे ना प्रवेशपत्र ना धंदा. त्याच्या मजबूत मांड्या कोणत्या रकान्यात लिहायच्या याची सोय अर्जात नाही. आणि कर्ज वसुलीचा हिशोब तर आणखी बोलका आहे. साध्या कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं. पीककर्जाला मात्र सूट आहे: कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच त्याच्यावर तो शिक्का बसतो. म्हणजे तूर आणि कपाशी ९० दिवसांत पैसे परत करू शकत नाही, हे दिल्ली-मुंबईतल्या वातानुकूलित खोल्यांतल्या माणसांनाही कळतं. पिकाला दोन हंगाम. मग पोराला किती? हा प्रश्न ज्या बँकवाल्याच्या डोक्यात एकदा शिरला त्याचं घरी वेळेवर पोचणं संपलं.

शिवाय आजच्या बँकवाल्याची जडणघडण पाहा. २०११ नंतर बहुतेक सरकारी बँकांची भरती एका सामाईक परीक्षेतून होऊ लागली. हा माणूस विशीतली उमेदीची वर्षं अकोल्या-अमरावतीच्या कुठल्या तरी अभ्यासिकेत, कूलरच्या घरघरीखाली, ‘दोन नळ टाकी किती वेळात भरतील’ हे सोडवण्यात घालवून आलेला असतो. बाहेर पोरं खेळत होती तेव्हा तो आत होता. अशा माणसाला पस्तिशीत मैदान दिसलं तर तो हावऱ्यासारखा वागणार. स्वतः कधी पट्टीचा खेळाडू नसल्यामुळे ‘आमच्या वेळी’ म्हणून तो पोरांचं डोकं खात नाही, हा त्याचा फार मोठा गुण. माजी खेळाडू प्रशिक्षक झाला की निम्मा वेळ स्वतःच्या जुन्या चढाया सांगण्यात जातो. बँकवाल्याला सांगण्यासारखं काही नसतं. एनईएफटीच्या गोष्टी पोरं ऐकत नाहीत.

त्यानं बँकेतून मैदानावर काय आणलं, हे पाहायचं तर तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फक्की टाकताना पाहावं. आपल्याकडे मैदान आखण्याची रूढ पद्धत अशी की एकानं फक्कीचं घमेलं धरायचं, दुसऱ्यानं मुठीनं सोडत चालायचं आणि तिसऱ्यानं ‘जरा इकडे, जरा तिकडे’ म्हणायचं. निघालेली रेष ही साधारणपणे मन नदीच्या पात्रासारखी वळणं घेत जाते. बँकवाला आधी चार खुंट्या ठोकतो, त्यांना सुतळी बांधतो, सुतळी ताणून बोटानं टणत्कार काढून पाहतो, मग कर्णाची मापं घेतो. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर खुंट्या उपटतो आणि पुन्हा सुरुवात. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटर, म्हणजे पावणेचार. चाराला दोन बोटं कमी नव्हे. मग गुडघे टेकून, रजिस्टरवर लाल शाईची रेघ ओढावी तशी, तो सुतळीच्या कडेनं फक्की सोडतो. रात्री पाऊस येतो, आमच्या काळ्या मातीचा गोळा होतो, रेष वाहून जाते आणि सकाळी सहाला साहेब पुन्हा खुंट्या घेऊन हजर असतात. लोक याला वेड म्हणतात. बँकेत याला फेरजुळणी म्हणतात.

चेंडूंचंही तसंच. कॅश दहा रुपयांनी जुळत नसेल तर शाखा बंद करता येत नाही, हा संस्कार ज्याच्या हाडीमासी खिळलाय, त्याच्या मैदानावरून सहा चेंडू गेले आणि पाच आले असं होतच नाही. अंधार पडतो, मोबाइलचे उजेड निघतात, बाभळीखालचे काटे तुडवत सगळा संघ फिरतो. चेंडू सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. यातून पोरांना क्षेत्ररक्षणाचं महत्त्व जितकं कळतं तितकं कुठल्याही शिबिरात कळणार नाही. आणि वय! शालेय खेळांतला सगळ्यात जुना रोग म्हणजे १४ वर्षांखालच्या गटात उतरणारा मिशीवाला गडी. इतर पंच त्याच्या मिशीकडे बघतात आणि कागदाकडे बघून गप्प बसतात. बँकवाला कागदाकडेच बघतो. जन्मदाखल्यावरचा शिक्का, आधारवरची तारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यातली खाडाखोड. आयुष्यभर केवायसी केलेला माणूस हे तीन कागद पत्त्यांसारखे हातात धरतो आणि मिशीवाल्या गड्याला नम्रपणे विचारतो, ‘बाबू, तुझा धाकटा भाऊ तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा कसा?’ या एका प्रश्नानं तालुक्यातल्या खऱ्याखुऱ्या चौदा वर्षांच्या पोरांचं जेवढं भलं केलंय तेवढं अनेक योजनांनी केलेलं नाही. राहिला वर्गणीचा हिशोब. गावातल्या स्पर्धांची भांडणं मैदानावर कमी आणि पावतीपुस्तकावर जास्त होतात. साहेबांच्या पावतीपुस्तकात मधली पावती फाटलेली नसते, त्यामुळे भांडायला विषयच उरत नाही. काही कार्यकर्ते यामुळे स्पर्धेपासून दुरावले, ते वेगळं.

हे सगळं बाळापूरपुरतं किंवा माझ्या कल्पनेतलं आहे, असं वाटत असेल तर एक मोठं उदाहरण देतो. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेचे. १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघाकडून ते एक प्रथम दर्जाचा सामना खेळले, तेवढाच. बाकी आयुष्य शिवाजी पार्कवर दुसऱ्यांची पोरं खेळवण्यात गेलं. स्कूटरवर मागे पोराला बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेणारे हे गृहस्थ. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, पुढे पद्मश्री. सचिन तेंडुलकरसाठी ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: जो गोलंदाज बाद करेल त्याचा रुपया, कोणीच बाद केलं नाही तर सचिनचा. या गोष्टीकडे क्रिकेटची गोष्ट म्हणून पाहतात, पण तिच्यातली बँकिंगची चलाखी कोणी पाहत नाही. गुंतवणूक एक रुपया. त्यावर अख्खा संघ जीव तोडून गोलंदाजी करतो, म्हणजे फुकटात सराव. रुपया कोणाच्याही खिशात गेला तरी फायदा एकाच खात्यात जमा. आणि गमावण्याची कमाल मर्यादा आधीच ठरलेली. सचिननं अशी १३ नाणी जपून ठेवली. तेरा रुपयांच्या भांडवलावर एवढा परतावा मिळवलेली शाखा आजवर निघालेली नाही. आता यावर आक्षेप येईल, की आचरेकर सर मुंबईचे, त्यांना पोरंही मुंबईची मिळाली. खरं आहे. पण जन्म मालवणचा, आणि मालवण काही बाळापूरपेक्षा मोठं शहर नव्हे. शिवाय स्टंपवर ठेवायला लागणारं नाणं दोन्ही गावांत एकाच किमतीचं आहे. उलट दिशेचंही उदाहरण आहे. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोघांनाही त्यांच्या घरी हरवून आलेला कर्णधार अजित वाडेकर हा स्टेट बँकेतलाच अधिकारी. त्या काळात बँका खेळाडू नोकरीला ठेवत, कारण खेळणारा माणूस ही चांगली ठेव आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते आता परीक्षेत विचारत नाहीत.

यावर व्यवहारी माणसाचा पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं ठेवी गोळा करायचं सोंग आहे. पोरं मैदानावर आली की त्यांचे बाप बँकेत येतात, असा हिशोब. या हिशोबात गणिताची चूक आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं, आणि साहेबांच्या आग्रहाखातर संघातली पोरं ते उघडतातही. त्यात जमा काय असतं? आजोबांनी दिलेले शंभर आणि बक्षिसाचे पन्नास. ते पासबुक महिन्यातून तीनदा छापून घ्यायला येतात, कारण छापताना येणारा आवाज त्यांना आवडतो. या ठेवीवर शाखेचं उद्दिष्ट पुरं करायचं तर बाळापुरात पोरं कमी पडतील. ज्याला ठेवीच हव्यात तो संध्याकाळी मैदानावर कशाला जाईल? तो वाडेगावला जाईल. तिथे लिंबाचा बाजार आहे, लिंबाइतकेच पिवळेधमक व्यापारी आहेत. तो पारसला जाईल. तिथे औष्णिक वीज केंद्र आहे आणि महिन्याच्या महिन्याला पगार होणारी वसाहत आहे. ही दोन्ही गावं सोडून जो माणूस अकोल्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, संध्याकाळी पोटऱ्यांना धूळ लावून घेतो, त्याच्यावर धंदेवाईकपणाचा आरोप करणं हा धंद्याचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप शाळेतून येतो: हे पीटीच्या सरांचं काम आहे. आहे. पण पीटीच्या सरांकडे सध्या जनगणना, मतदार यादी, गणवेशाची मापं आणि आजारी पडलेल्या सरांचा भूगोल असल्यामुळे ते खेळापर्यंत पोचतात तेव्हा शाळा सुटलेली असते. त्यांचा दोष नाही. बाळापुरात मराठी शाळा आहेत, उर्दू शाळा आहेत. प्रत्येकीचे सर वेगळे, पटांगण वेगळं, वेळा वेगळ्या. ही दोन्हीकडची पोरं एका मैदानावर आणायला दोन्हीकडचा नसलेला माणूस लागतो, आणि बँक ही गावातली अशी जागा आहे जिथे सगळ्यांना सारखंच ताटकळत बसावं लागतं. खो-खोच्या पाटीवर बसलेल्या पोरांची तोंडं आळीपाळीनं उलट दिशेला असतात, म्हणून कोण कुठल्या शाळेचं आहे ते पाठीवरून ओळखायचं, आणि पाठी सगळ्यांच्या सारख्याच मळलेल्या. पालकांना हे कळायला पाच-सहा महिने लागतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: यातून निघतं काय? किती पोरं पुढे गेली? इथे मला थोडं मागं जावं लागेल. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. वऱ्हाडातल्या पोरांच्या दंड-बैठकांतून काय निघणार, असं तेव्हाही कोणी विचारलं असेलच. १९३६ मध्ये त्यांचा संघ बर्लिनच्या ऑलिम्पिकला गेला आणि जगापुढे आपले देशी खेळ दाखवून आला. मध्ये २२ वर्षं. विदर्भाचं क्रिकेट तर याहून सहनशीलतेची परीक्षा पाहणारं. १९५७-५८ मध्ये विदर्भ पहिल्यांदा रणजी खेळला आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदुरात दिल्लीला हरवून पहिल्यांदा जिंकला. साठ वर्षं! ९० दिवसांच्या नियमानं हे खातं १९५८ सालीच बुडीत काढलं असतं, वसुलीला माणूस पाठवला असता आणि स्टंप-बॅटी लिलावात गेल्या असत्या. त्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून पदार्पण करणारा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे अकोल्याचा. (मुंबईतले ते वेगळे, त्यांचं पदार्पण दुसऱ्या मैदानावर झालं.) अथर्व तायडेही अकोल्याचाच. अकोला बाळापूरपासून एसटीनं तासाभराच्या आत. दोन हंगाम नव्हेत, साठ लागले, पण पीक आलं. आणि एकदा आलं तसं पुढच्याच वर्षी पुन्हा आलं, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदाही.

तरी हे उत्तर पुरेसं नाही, हे मला मान्य आहे. मैदानावरच्या पंधरा-वीस पोरांपैकी आदित्य किंवा अथर्व होणारं कोणी असेलच असं नाही. बहुतेक जण मोबाइलचं दुकान टाकतील, हायवेवर ढाबा चालवतील, बापाच्या पाच एकरात सोयाबीन पेरतील. आणि त्यासाठी एक दिवस मुद्रेची फाइल घेऊन साहेबांच्याच टेबलासमोर बसतील. इथे माझ्या सिद्धांताची खरी कसोटी आहे. साहेब काय करतील? फाइल उघडतील, जामीनदाराची थकबाकी पाहतील, चष्मा काढतील आणि म्हणतील, ‘नाही.’ मग तोच पोरगा संध्याकाळी मैदानावर येईल आणि साहेब त्याला म्हणतील, ‘चल, आज कप्तानी तू कर.’ लोकांना हा ढोंगीपणा वाटेल. मला वाटत नाही. दिवसाचा पैसा ठेवीदारांचा असतो, संध्याकाळचा वेळ स्वतःचा. दुसऱ्याच्या पैशानं उदार होणारे साहेबही बाळापूरनं पाहिलेत. त्यांच्या फाइली अजून वसुली खात्यात आहेत. बरं, त्या ‘नाही’नंतरही पोरगा संध्याकाळी येतो, ही गोष्ट कर्जमंजुरीपेक्षा मोठी आहे, पण तिचा रकाना कुठल्याच विवरणपत्रात नाही.

शेवटचा आक्षेप बदलीचा. साधारण तीन वर्षं झाली की साहेब जाणार, मग पोरं वाऱ्यावर. यावर बाळापूरच्याच किल्ल्याकडे बोट दाखवावं लागतं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरचा हा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं सुरू केला असं सांगतात. तो पुरा केला एलिचपूरचा नवाब इस्माईल खान यानं, १७५७ मध्ये. आझमशाह १७०७ मध्येच जाजाऊच्या लढाईत मारला गेला होता. म्हणजे ज्यानं पाया घातला त्याची बदली पन्नास वर्षं आधीच, आणि जिथून परत येता येत नाही अशा ठिकाणी झाली होती. तरी बुरूज उभे राहिले आणि अजून उभे आहेत. मधल्या काळात कोणी तरी चुना मळत राहिला असणार, त्याचं नाव कुठे नाही. मैदानावरही असा एक असतोच. सहसा संघात जागा न मिळालेला, पण खुंट्या कुठे ठोकायच्या हे पाठ असलेला.

बदलीचा आदेश आला की साहेब नियमाप्रमाणे चार्ज देतात. बँकेचा चार्ज नव्या साहेबांना: किल्ल्या, स्टॅम्प, रोकड, थकीत खात्यांची यादी, दोन्ही बाजूंच्या सह्या. मैदानाचा चार्ज त्या खुंट्यावाल्या पोराला, वहीच्या फाडलेल्या पानावर, पण तितक्याच काटेकोरपणे. खुंट्या चार, पैकी एक वाकडी. सुतळी एक बंडल. शिट्ट्या दोन, चालू एक. स्टंप पाच, सहावा गहाळ, शोध चालू. फक्की अर्धं पोतं, भिजू देऊ नये. येणे बाकी: रबरी चेंडू एक, मैदानाशेजारच्या घराच्या गच्चीवर, आजीबाई दुपारी झोपतात, चारनंतरच मागायला जावे.